सौदा मोडणारा तिसरा माणूस

(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



माझ्या आधीचे वक्ते भावावर बोलले, पीकविम्यावर बोलले. मला संयोजकांनी कोर्टाचा विषय दिला आहे. कोर्टाचे नाव काढले की आपल्याकडे माणूस कानाला हात लावतो. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपल्या वडिलांनी आपल्याला सातबाऱ्याबरोबरच दिलेली आहे. मी वकील नाही. मी कृषी पदवीधर. नोकरी सोडून संघटनेच्या कामात आलो तेव्हा वाटले होते की कीड ओळखता येते, जमिनीचा कस सांगता येतो, हिशेब मांडता येतो, एवढ्यावर भागेल. भागले नाही. कायद्याची एक ओळ मला माहीत नव्हती, तिच्यापायी तेवीस घरांचे दोन लाख ऐंशी हजार रुपये मागायची वाट बंद झाली. ती ओळ आज तुम्हाला सांगायची आहे.

चौदा महिने

गोष्ट २०२२-२३ च्या हंगामातली. आमच्या भागातल्या तेवीस कोरडवाहू शेतकऱ्यांचा एक गट. नोंदणी नाही, शिक्का नाही, नुसता एकमेकांवरचा भरवसा. वेचणी स्वच्छ करायची, पालापाचोळा येऊ द्यायचा नाही, प्लास्टिकच्या गोणीऐवजी कापडी पल्ल्यात भरायचे, ओलावा मोजूनच माल बाहेर काढायचा, एवढी शिस्त आम्ही दोन वर्षे लावली होती. एका गिरणीने माल पाहिला आणि चारशे क्विंटलचा सौदा केला, भाव आठ हजार सहाशे. कागदावर सह्या झाल्या, थोडा इसारही मिळाला.

ही बातमी गावात खेडा खरेदी करणाऱ्या एका व्यापाऱ्याला लागली. त्याचे नाव मी घेत नाही, घ्यायची गरजही नाही, प्रत्येक तालुक्यात तो आहे. तो आमच्याकडे आला नाही. जादा भावही देऊ केला नाही. त्याने दोन कामे केली. गिरणीच्या माणसाला सांगितले की या गटाच्या कापसावर पाणी मारलेले आहे आणि त्यातला निम्मा माल माझ्या उचलीत बांधलेला आहे. दोन्ही गोष्टी खोट्या. मग टेम्पोवाल्यांना गाठले. एक टेम्पोवाला माझ्या ओळखीचा, तो रात्री घरी येऊन म्हणाला, "दादा, तुमचा माल भरला तर वर्षभर त्याच्या जिनिंगचं भाडं बंद. मले दोन लेकरं हायेत."

जानेवारीत गिरणीचा फोन आला. माल नको. कारण विचारले तर म्हणाले, साहेब, कारण विचारू नका. त्या हंगामात दिवाळीनंतर भाव घसरत गेले होते. आम्ही पंधरा दिवस वाट पाहिली आणि सात हजार नऊशेने माल घातला. क्विंटलमागे सातशे रुपये, चारशे क्विंटल. हिशेब तुम्हीच करा.

पुढे काय केले? जे आपण नेहमी करतो तेच. बैठक घेतली, निषेध केला, तहसीलदारांना निवेदन दिले, निवेदन देतानाचा फोटो काढला. कोणी म्हणाले, पुढच्या हंगामात बघून घेऊ. कोणी म्हणाले, दोन्हीकडची माणसे बसवून मिटवू. माणसे बसली, चहा झाला, मिटले काहीच नाही. शेवटी २०२४ च्या मार्चमध्ये आम्ही जिल्ह्याच्या ठिकाणी एका वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी सगळे कागद शांतपणे वाचले आणि विचारले, "गिरणीने नकार कोणत्या तारखेला दिला?" मी तारीख सांगितली. त्यांनी कपाटातून एक पातळ पुस्तक काढले, एक पान उघडले आणि माझ्यापुढे सरकवले.

मुदतीचा कायदा, म्हणजे लिमिटेशन ॲक्ट, १९६३ चा. त्याच्या शेवटी एक परिशिष्ट आहे. कोणता दावा किती दिवसांत लावायचा याचे ते कोष्टक. त्यात ७८ वा अनुच्छेद. वादीबरोबर झालेला करार मोडायला दुसऱ्याला प्रवृत्त केल्याबद्दल नुकसानभरपाईचा दावा. मुदत एक वर्ष. मोजायची कधीपासून, तर करार मोडल्या दिवसापासून.

आम्ही चौदाव्या महिन्यात पोहोचलो होतो.

मी म्हटले, बाई, उशीर माफ करून घेता येईल ना, कोर्टात तसा अर्ज असतो म्हणे. त्या म्हणाल्या, तो अर्ज अपिलाला चालतो, मूळ दाव्याला नाही. उशीर माफ करण्याचे जे ५ वे कलम आहे ते दाव्याला लागूच होत नाही. निवेदने दिली, बैठका झाल्या, नोटीस पाठवली, म्हणून घड्याळ थांबत नाही. शेवटच्या दिवशी कोर्टाला सुटी असेल तर कोर्ट उघडेल त्या दिवशी दाखल करता येते, एवढीच सवलत.

गिरणीवर दावा करता आला असता. करारभंगाची भरपाई मागायला तीन वर्षे असतात. पण गिरणी हे आमचे गिऱ्हाईक होते, तिलाही फसवले गेले होते, आणि शंभर कोसांत स्वच्छ कापसाला जादा पैसे मोजणारी ती एकच होती. तिच्यावर दावा म्हणजे पुढच्या वर्षाचे दार आपल्या हाताने लावून घेणे. ज्याने आग लावली तो मुदतीच्या पलीकडे सुखरूप बसला. आजही बसला आहे. नमस्कार घालतो मला.

बदके, तोफ आणि गाणारी बाई

आता तुम्ही विचाराल, करार दोघांचा, मग तिसऱ्यावर दावा लागतोच कसा? त्याने कुठे सही केली होती? हा प्रश्न रास्त आहे आणि तीनशे वर्षांपूर्वी इंग्लंडातल्या न्यायाधीशांनाही तो पडला होता. आपल्याकडे या गोष्टीचा वेगळा कायदा कोणी लिहिलेला नाही. इंग्रजांच्या कोर्टातून जी न्यायाची रीत आली ती आपली कोर्टे चालवतात, आणि भरपाईच्या अशा दाव्याला आपल्या संसदेने मुदत ठरवून दिली आहे, म्हणजे असा दावा असतो हे मान्यच केले आहे. त्या जुन्या खटल्यांच्या गोष्टी सांगतो. शेतकऱ्याला समजतील अशाच आहेत.

पहिली १७०७ सालची. कीबल नावाच्या माणसाने आपल्या मळ्यात रानबदके उतरावीत म्हणून तळे केले होते, त्यात माणसाळलेली बदके सोडली होती, जाळी लावली होती. तो त्याचा धंदा. हिकरिंगिल नावाच्या माणसाने बंदुकीचे बार काढून ती बदके उडवून लावली. बदके तर कोणाच्याच मालकीची नव्हती. पण होल्ट नावाच्या मुख्य न्यायाधीशाने सांगितले की दुसऱ्याच्या पोटावर असा मुद्दाम पाय देता येत नाही. त्याने शाळेचा दाखला दिला. गावात जुनी शाळा आहे, कोणी नवी शाळा काढली आणि मुले तिकडे गेली, तर जुन्या मास्तराला तक्रार करता येणार नाही. पण कोणी बंदूक घेऊन वाटेत उभा राहिला आणि मुलांना भिववू लागला, तर मास्तराला दावा लावता येईल. एवढा दाखला ध्यानात ठेवला तर अर्धा विषय समजला. नवी शाळा काढणारा आणि वाटेत बंदूक घेऊन उभा राहणारा, या दोघांत फरक आहे.

दुसरी १७९३ ची. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर एक जहाज तिथल्या लोकांशी व्यापार करायला थांबले होते. तिथे कसला व्यापार चाले हे वाचले की मान खाली जाते, त्यात माणसांचीही खरेदी होती. ते असो. दुसऱ्या जहाजाच्या कप्तानाने व्यापाराला निघालेल्या होडीवर तोफ डागली, एक माणूस मेला, बाकीचे घाबरून परत गेले. तोफ होडीवर डागली, पण दावा लावला जहाजवाल्यांनी, कारण गिऱ्हाईक त्यांचे पळाले होते. दावा चालला. आमच्या टेम्पोवाल्याला दिलेली धमकी म्हणजे हीच तोफ. घाव टेम्पोवाल्यावर, नुकसान आमचे.

तिसरी गोष्ट सर्वांत कामाची. १८५१ साली लंडनच्या लम्ली नावाच्या नाट्यगृहवाल्याने योहाना वाग्नर या गायिकेशी करार केला. तीन महिने त्याच्याकडे गायचे, त्या काळात दुसरीकडे गायचे नाही. गाय नावाच्या दुसऱ्या नाट्यगृहवाल्याने तिला जादा पैसे कबूल केले आणि फिरवले. लम्लीने आधी बाईवर दावा केला. कोर्ट म्हणाले, आम्ही तिला तुझ्याकडे गायला लावू शकत नाही, पण दुसरीकडे गायची मनाई करू शकतो. आपल्या १९६३ च्या स्पेसिफिक रिलीफ ॲक्टच्या ४२ व्या कलमात हेच तत्त्व आहे. मग लम्लीने गायवर दावा केला, तू माझा करार मोडायला लावलास. १८५३ मध्ये चारपैकी तीन न्यायाधीशांनी सांगितले की असा दावा चालतो. तिसऱ्या माणसाला धरता येते, हे तिथे पक्के झाले. वकिलांच्या पुस्तकांत ही गोष्ट इथेच संपते आणि लम्ली जिंकला असे वाटते.

पण लम्ली जिंकला नाही. तत्त्व ठरल्यावर पुरावा ज्युरीपुढे गेला आणि १८५४ मध्ये ज्युरीने गायच्या बाजूने कौल दिला. का? तर बाईचा तो करार बंधनकारक उरलेला नाही असे गायला प्रामाणिकपणे वाटत होते, हे ज्युरीने मानले. म्हणजे कायदा लम्लीच्या बाजूने आणि पैसे गायच्या खिशात. ज्याने करार मोडायला लावला त्याला करार माहीत होता, तो लागू आहे हेही माहीत होते, आणि तरी त्याने केले, एवढे सिद्ध करावे लागते. "मला काय ठाऊक तुमचा सौदा झाला होता?" हे त्याचे पहिले वाक्य असणार. ते वाक्य त्याच्या तोंडून आधीच काढून घ्यायचे असेल तर काय करायचे, ते पुढे सांगतो.

मोठ्या लोकांना हा दावा चांगला ठाऊक आहे. अमेरिकेत पेनझॉइल आणि गेटी या तेल कंपन्यांचे जुळत आलेले टेक्साको या तिसऱ्या कंपनीने मोडले, म्हणून १९८५ मध्ये ह्यूस्टनच्या ज्युरीने टेक्साकोवर दहा अब्ज डॉलरहून अधिक बसवले. शेवटी तीन अब्जांवर मिटले, पण तेवढ्यात टेक्साकोला दिवाळखोरीच्या कोर्टात जावे लागले होते. आपल्याकडेही कोर्ट कोणाला वापरता येते ते २०१९ मध्ये गुजरातेत दिसले. बटाट्याच्या वाणावर हक्क सांगत पेप्सिकोने साध्या शेतकऱ्यांवर प्रत्येकी कोटीच्या घरातले दावे लावले होते. तो वाद वेगळ्या कायद्याचा होता, आणि ओरड झाल्यावर त्याच वर्षी दावे मागे घेतले गेले. पण कोर्टाची पायरी चढताना कंपनीला म्हण आडवी आली नाही, हे लक्षात घ्या.

२०२० साली करार शेतीचा जो केंद्राचा कायदा आला होता, त्यात कराराचे वाद प्रांताकडे द्यायचे आणि दिवाणी कोर्टाचे दार बंद, असे कलम होते. तो कायदा २०२१ मध्ये रद्द झाला. त्याच्या बऱ्यावाईटाचा वाद आज काढत नाही. मला एवढेच दिसते की दार उघडे राहिले तरी आपण त्यातून आत जात नाही.

कागद कोणता, कधी

आधी हे समजून घ्या की कशाला दावा लागत नाही. तुमचा सौदा ठरण्याआधी कोणी जादा भाव देऊन गिऱ्हाईक पळवले, तर तो बाजार आहे. १८९२ मध्ये विलायतेच्या सर्वोच्च कोर्टात चहाच्या वाहतुकीचा एक खटला गेला होता. जहाजवाल्यांच्या टोळीने भाडे पाडून एका कंपनीला धंद्यातून हुसकावले. कोर्ट म्हणाले, भाडे पाडणे ही चढाओढ आहे, तिला दावा नाही. आज आपल्याकडे अशा टोळीसाठी २००२ चा स्पर्धा कायदा आहे आणि दिल्लीत स्पर्धा आयोग आहे. सीसीआय म्हटले की आपल्याला कापूस महामंडळ आठवते, ही दुसरी सीसीआय. पण तो रस्ता वेगळा. तसेच बँकेने किंवा सोसायटीने आपल्या तारणातला माल थांबवला, तर त्यांना तसा हक्क असतो. आणि मुळात करारच बेकायदा असेल, तर तो मोडल्याची ओरड कोर्ट ऐकणार नाही.

दावा उभा राहतो तो चार पायांवर. करार खरा होता. त्या माणसाला तो ठाऊक होता. त्याने मुद्दाम तो मोडायला लावला. मोडल्यामुळे अमुक इतके नुकसान झाले. यांतला एक पाय लंगडा असला की खाट कलंडते.

आमचा तिसरा पाय लंगडा होता, हे मला वकीलबाईंनी नंतर दाखवून दिले. मुदत असती तरी त्याचा वकील म्हणाला असता, भाव पडत होता म्हणून गिरणीनेच अंग काढून घेतले, माझ्या अशिलाचा काय संबंध? आणि आमच्याकडे उत्तर नव्हते. गिरणीच्या माणसाने फोनवर "कारण विचारू नका" म्हटले आणि आम्ही खरेच विचारले नाही! त्याच दिवशी दोन ओळी लिहून पाठवायला हव्या होत्या, की आपण अमुक तारखेच्या सौद्याचा माल घेण्यास नकार दिला आहे, कारण लेखी कळवावे. आमचा माल ओला असल्याची शंका असेल तर आपल्या माणसासमोर ओलावा मोजून देतो. कापूस महामंडळ आठ टक्के ओलावा धरते आणि बारापर्यंतचा माल कपात करून घेते. आमचा किती होता हे मोजून लिहून ठेवायला पाच मिनिटे लागली असती. मी कृषी पदवीधर, ओलावा मोजायचे यंत्र माझ्या पिशवीत होते. लिहून मात्र ठेवले नाही.

म्हणून आता आमच्या गटाची रीत बदलली आहे. सौदा तोंडी झाला तरी कायद्याने तो करार असतो, पण सिद्ध कोण करणार? एका कागदावर माल किती, कसा, भाव काय, कोणत्या तारखेपर्यंत, उचल कोणी करायची, हे लिहून दोघांच्या सह्या. इसार असेल तर बँकेतून. कोणाकडून कुरबूर कानावर आली, की त्या माणसाला स्पीड पोस्टाने पत्र जाते, पोहोच ठेवून. पत्रात शिवी नाही, धमकी नाही. आमचा अमुक यांच्याशी अमुक तारखेचा विक्रीचा करार आहे, तो चालू आहे, त्यात आपण अडथळा आणू नये, आणल्यास होणाऱ्या नुकसानीची जबाबदारी आपली राहील. बस. हे पत्र हातात पडल्यावर "मला ठाऊक नव्हते" हे वाक्य त्याला म्हणता येत नाही. लम्लीकडे असे पत्र असते तर काय झाले असते, असा विचार मी कधी कधी करतो. (हशा)

धमकी असेल तर पोलिसांतही जा. भारतीय न्याय संहितेत ३५१ वे कलम धमकीचे आहे, १२६ वे वाट अडवण्याचे. ठाणेदार लगेच काही करील असे मी सांगत नाही, पण तुमच्या तक्रारीवर तारीख पडते आणि ती तारीख दिवाणी कोर्टात कामाला येते. मोबाइलवरचे निरोप आणि आवाज पुसू नका. १ जुलै २०२४ पासून नवा साक्ष कायदा लागू आहे, त्याच्या ६३ व्या कलमाप्रमाणे असा पुरावा देताना सोबत प्रमाणपत्र लागते. ते वकील करून घेतील, तुम्ही फक्त तो मोबाइल सांभाळा, नवा घेताना दुकानदाराला देऊन बसू नका.

नुकसानीचा हिशेब लगेच लिहा. ठरलेला भाव वजा मिळालेला भाव, गुणिले माल, अधिक जादा भाडे. पण माल घरात कुजवत ठेवून सगळी रक्कम मागता येत नाही. बाजारात मिळेल त्या वाजवी भावाने विकावा लागतो आणि काटापट्टी जपावी लागते. मनस्तापाचे दहा लाख वगैरे लिहून दावा फुगवू नका. कोर्ट फी रकमेच्या प्रमाणात असते, फुगवलेल्या आकड्याची फी आपणच भरतो. बाया, दलित आणि आदिवासी शेतकरी यांना १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे वकील फुकट मिळतो, त्यांचे उत्पन्न कितीही असो. शेत बाईच्या नावावर आणि सौदा तिच्या सहीचा असेल तर हा हक्क तिचा आहे. तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती असते.

दावा कोणाच्या नावाने? ज्याचा करार त्याच्या नावाने. नोंदलेली कंपनी किंवा संस्था असेल तर तिच्या. आमच्यासारखा बिननोंदणीचा गट असेल तर सगळ्यांनी मिळून, किंवा कोर्टाची परवानगी घेऊन काहींनी सगळ्यांच्या वतीने. कुठे? प्रतिवादी राहतो तिथे, किंवा जिथे हे घडले तिथे. अडथळा अजून चालू असेल तर दाव्याबरोबरच तात्पुरत्या मनाई हुकमाचा अर्ज द्या, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ३९ व्या आदेशाखाली. मिळेलच असे नाही. पैशाने भरून निघणारे नुकसान असेल तर कोर्ट बहुधा मनाई देत नाही. तरीही कोर्टाची नोटीस दारात आली की टेम्पोवाल्यांना धमक्या देणारा माणूस आवाज खाली आणतो, हे मी दुसऱ्या एका गटाच्या बाबतीत पाहिले आहे. आणि अडथळा आणणारा सरकारी अधिकारी असेल, आपल्या हुद्द्याने वागत असेल, तर आधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. ते दोन महिने मात्र मुदतीतून वजा होतात.

दावा किती वर्षे चालेल? हे वकील सांगत नाहीत, मी कुठून सांगू? दहा क्विंटलच्या भांडणासाठी एकट्याने कोर्टात जाऊ नका, भाड्यातच पैसे जातील. पण वीस-पंचवीस घरांचा एक सौदा, हातात कागद, पाठवलेल्या पत्राची पोहोच, आणि साक्ष द्यायला तयार गिऱ्हाईक, एवढे असेल तर माझ्या मते जावे. त्यातही गिऱ्हाइकाला प्रतिवादी करण्यापेक्षा साक्षीदार करता आले तर पाहावे. त्याला तुमचा माल हवाच असतो, त्यालाही कोणीतरी दाबलेले असते.

हीच काठी आपल्या पाठीवर

आता एक कडू गोष्ट. टाळ्या थांबवा, ही आपल्यासाठी आहे.

इसार एकाचा घ्यायचा आणि भाव दोनशेने वाढला की माल दुसऱ्याच्या काट्यावर न्यायचा, हे आपल्यापैकी किती जणांनी केले आहे? हात वर करू नका. तिथे करार मोडणारे आपण असतो, आणि सौदा झालेला माहीत असून आपल्याला फोडणारा दुसरा व्यापारी हा तिसरा माणूस असतो. पहिल्या व्यापाऱ्याला आपल्यावर तीन वर्षे आणि त्याच्यावर एक वर्ष दावा लावता येतो. अजून लावत नाहीत, कारण रकमा लहान आहेत. गटाने मोठे सौदे करू लागलो की लावतील.

आणि संघटना म्हणून आपण काय करतो? अमुक जिनिंगला माल घालू नका, अमुकाचे ट्रक हलू देऊ नका. आयर्लंडमध्ये एका मांसविक्रेत्याकडे बिगर-युनियन माणसे कामाला होती. तो त्यांची युनियनची वर्गणी भरायला तयार होता, पण युनियन ऐकेना. तिने त्याच्या गिऱ्हाइकाला सांगितले, याचे मांस घेतलेस तर तुझी माणसे काढून घेऊ. गिऱ्हाइकाने घेणे बंद केले. १९०१ मध्ये विलायतेच्या सर्वोच्च कोर्टाने युनियनच्या माणसांना जबाबदार धरले. पुढे १९०६ मध्ये तिकडे कामगारांना संरक्षण देणारा कायदा झाला, आपल्याकडे २०२५ पर्यंत १९२६ च्या ट्रेड युनियन ॲक्टचे १८ वे कलम होते. पण ते नोंदलेल्या कामगार संघटनेला, मालक-कामगारांच्या तंट्यापुरते. शेतकऱ्यांच्या संघटनेने त्या छत्रीखाली उभे राहायला जाऊ नये, ती आपल्या डोक्यावर पोहोचत नाही. भाव मिळेपर्यंत माल विकू नका असे सांगायचा आपला हक्क आहे आणि मी तो सोडणार नाही. पण ज्याने सही करून माल विकला आहे त्याचा ट्रक रस्त्यात अडवायचा, तर आपल्यात आणि माझ्या त्या नमस्कार घालणाऱ्या व्यापाऱ्यात कोर्टाला फरक दिसणार नाही. मलाही दिसत नाही. यावरून कार्यकर्त्यांशी माझे भांडण झालेले आहे, पुढेही होईल.

वेळ संपत आला, अध्यक्ष घड्याळ दाखवत आहेत. मंडपाच्या डाव्या बाजूला लिंबाखाली त्याच वकीलबाई बसल्या आहेत, आज फी घेणार नाहीत. ज्यांचा ठरलेला सौदा कोणा तिसऱ्याने मोडला असेल, कापसाचा असो, ज्वारीचा असो, कडब्याचा असो, त्यांनी सौदापावती, काटापट्टी आणि मोबाइल घेऊन तिकडे जावे. गेल्या दिवाळीनंतर नकार आलेले दोन गट इथे आहेत हे मला ठाऊक आहे. त्यांचे थोडेच आठवडे उरले आहेत. त्यांनी जेवणाच्या रांगेत उभे राहण्याआधी आपली तारीख त्यांना सांगून यावे. जेवण तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवायला मी सांगितले आहे.